म्हातारीला विचारून कळवू

मुलाखतीला अर्धा तास उरला असताना लाईट गेले. अडोमाने आधी पंख्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. लॅपटॉप ऑफिसातून मागून आणलेला आणि चांगलाच म्हातारा होता. वीज गेली की लगेच मान टाकायचा. आत्ताही त्याने तेच केलं.

"गेले?" मावशीने आतून विचारलं.

"गेले."

"मग फोन कर त्यांना. म्हणावं लाईट गेलेत, उद्या घ्या."

"मावशे, ते काय फुफू खायला बोलावतायत का, उद्या येते म्हणायला?"

टेकडीवरच्या त्या बिझनेस स्कूलचा तोराच वेगळा होता. दहांतल्या नऊ जणांना ते घरी पाठवत, आणि याचा त्यांना इतका अभिमान की प्रवेश मिळालेल्यांपेक्षा न मिळालेल्यांचा आकडा ते जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापत. अडोमा पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या कंपनीत होती. अर्ध्या कुमासी शहरातल्या घरांवर तिने विकलेल्या टाक्या बसल्या होत्या. पण मॅनेजरच्या खुर्चीत बसायचं तर त्या शाळेचा शिक्का पाहिजे, असं साहेबाने तोंडावर सांगितलं होतं. शिक्का येईपर्यंत खुर्ची गरम ठेवायला साहेबाचा भाचा बसला होता, आणि तो ती फारच मन लावून गरम ठेवत होता.

गेल्या वर्षीही तिने अर्ज केला होता. शाळेने तिला अख्खा पावसाळा ताटकळत ठेवलं आणि मग कळवलं, की उमेदवाराच्या बोलण्यात वजन नाही. फुटक्या टाक्या घेऊन भर बाजारात भांडायला आलेल्या लोकांना जिने एकटीने गप्प बसवून परत पाठवलं होतं, तिच्या बोलण्यात वजन नाही. हे वाक्य अडोमाच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. यंदा तिने ठरवलं होतं, एकतर प्रवेश घ्यायचा, नाहीतर त्यांना चार गोष्टी ऐकवून यायचं. आणि नेमके आजच लाईट गेले.

टेकडीवर धावत जाऊन उपयोग नव्हता. शाळा आधुनिक असल्यामुळे मुलाखत कॉम्प्युटरवरच द्यायची असा नियम होता. मागे एक उमेदवार फाटकापर्यंत पोचला, तर त्याला घरी जाऊन कॉम्प्युटरवर यायला सांगितलं होतं.

"मावशे," अडोमा एकदम म्हणाली, "अख्ख्या टाफो वस्तीतले लाईट गेले, मग हे गाणं कुठं वाजतंय?"

दोघींनी खिडकीकडे पाहिलं. पलीकडच्या अंगणात थोरल्या ग्यिमांची उत्तरक्रिया चालू होती. म्हातारबुवा नव्वदी ओलांडून गेले होते, सकाळी माती देऊन झाली होती, आणि आता लाल-काळ्या कपड्यांतली निम्मी वस्ती मांडवाखाली बसली होती. मांडवामागे ट्रकएवढा जनरेटर घरघरत होता.

"त्या निळ्या झंपरात जाणारेस तिथं?" मावशीने स्वतःचं काळं वस्त्र काढलं आणि अडोमाभोवती गुंडाळलं. "लोक काय म्हणतील, माणूस गेलं आणि ही आली लग्नाला."

तिथे पोचल्यावर नुसतं वायर खुपसून भागणार नव्हतं. उजव्या टोकापासून सुरुवात करून रांगेतल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, मग बसायचं, मग पाणी यायचं, ते प्यायचं, आणि मग कुणीतरी विचारणार, काय कामाने आलात. अडोमाने सगळे हात मिळवले. पाणी एका घोटात संपवलं. घराण्याचे प्रमुख नाना ओबिरी समोर हाताच्या अंतरावर बसले होते, पण त्यांच्याशी थेट बोलायची रीत नव्हती. मधे त्यांचा ओचामे होता, बादू. नानांना जे सांगायचं ते बादूला सांगायचं, आणि बादूने ते नीट नटवून नानांपुढे ठेवायचं.

"बादूकाका, नानांना सांगा, माझी मुलाखत आहे. घरी लाईट नाहीत. एक प्लग पाहिजे."

नानांना हे सगळं स्वच्छ ऐकू गेलं होतं. तरी ते बादूकडे पाहत थांबले.

"नाना," बादूने काठी टेकत सुरुवात केली, "शेजारची पोर म्हणते, टेकडीवरचे विद्वान तिच्यासाठी खोळंबलेत. आपला जनरेटर असेल तरच त्यांचं पान हलेल असं दिसतं."

"असं मी म्हणाले नाही," अडोमा पुटपुटली.

"तू अर्थ सांगितलास पोरी, शब्द माझे." बादूने नानांचं ऐकून घेतलं आणि परत वळला. "नाना म्हणतात, घे प्लग. आणि आमचा जनरेटर घेतलास म्हणजे आजच्यापुरती तू आमच्या घरातली."

हे शेवटचं वाक्य अडोमाने तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. तिला घाई होती.

प्लग होता तो साउंडवाल्या एसिलफीच्या टेबलाशी, दोन माणूसभर उंच स्पीकरांच्या मधोमध. एसिलफी भला माणूस. त्याने तिला खुर्ची दिली, गाणं बंद केलं, लोकांना हाताने गप्प केलं. लॅपटॉपवर शाळेचा पडदा उघडला आणि डोळ्यांना चष्मा व गळ्याला हिरवागार टाय लावलेले प्रोफेसर क्वार्शी दिसले. शेजारी मिसेस अमानिंग. दोघांचे ओठ हलत होते, पण आवाज डासाएवढा येत होता.

"ऐकू येत नाही का, ताई?" एसिलफीने कळवळून विचारलं, आणि अडोमा नको म्हणायच्या आत त्याने एक वायर काढून दुसरीकडे खुपसली.

"मिस अडोमा," प्रोफेसर क्वार्शींचा आवाज थोरल्या ग्यिमांच्या अंगणावरून गडगडत पलीकडच्या प्राथमिक शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. "गेल्या वर्षी आम्ही तुम्हाला घरी पाठवलं होतं."

सगळा मांडव वळून अडोमाकडे बघायला लागला. पण आता मागे फिरायचं नाही असं तिने घरूनच ठरवून आणलं होतं.

"हो सर. म्हणून तर यंदा वाट पाठ आहे."

मांडवातून कुणीतरी "हं, बरोबर" म्हणालं.

"तुम्ही काळ्या वस्त्रात आहात. घरी काही दुःखद?"

"शेजारी, सर. दुःख त्यांचं आहे आणि जनरेटरही त्यांचाच."

प्रोफेसरांना हे आवडलं नाही. त्यांनी कागद चाळला. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता?"

"लग्न झालेलं असेल म्हणावं," मागोमाग आलेली मावशी पहिल्या रांगेतून बोलली. माईक एसिलफीने अडोमासमोर उघडाच ठेवला होता, त्यामुळे मावशी टेकडीवरही पोचली.

"मॅनेजरच्या खुर्चीत, सर," अडोमा मोठ्याने म्हणाली. "आणि भाचा टाक्या उतरवत असेल."

"कुणाचा भाचा?"

"ते खाजगी आहे."

"बरं. तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?"

हा प्रश्न स्पीकरवरून विचारायला नको होता. टाफोत कुणाला हा प्रश्न आजवर कुणी इतक्या आदराने विचारला नव्हता. मांडवाने तोंड उघडलं.

"माझं भांडं नेलंय ते अजून आणून दिलं नाही."

"चर्चमध्ये दान गोळा करून झालं की उगवते."

"आमची टाकी वाकडी बसवलीय."

"सकाळी हाक मारून मारून माझा घसा बसतो," मावशी म्हणाली.

बादू नानांकडे वाकला आणि सरळ झाला. "नाना म्हणतात, येता-जाता नमस्कार करते, पण उत्तर ऐकायला थांबत नाही. एरवी पोर ठीक आहे."

पडद्यावर मिसेस अमानिंग तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या. प्रोफेसर क्वार्शींनी चष्मा काढला.

"मिस अडोमा, हे कोण लोक आहेत? मुलाखतीत बाहेरच्यांची मदत घेणं नियमात बसत नाही. मी तुम्हाला बाद करू शकतो."

अडोमाला पुढचं स्पष्ट दिसलं. साहेबाचा भाचा, त्या खुर्चीत, म्हातारा होईपर्यंत. तिने काळं वस्त्र खांद्यावर नीट केलं आणि पडद्याजवळ सरकली.

"मदत? सर, तुम्ही माझे दोष विचारलेत आणि सगळ्या वस्तीने ते मोजून दाखवले. याला तुमच्याकडे मदत म्हणत असतील, तर तुमच्याकडे अडथळा कशाला म्हणतात ते मला शिकायचंच आहे. आणि मला बाद करायचं तर करा, पण हळू करा. तुमचा आवाज इथं सगळ्यांना ऐकू जातोय."

मांडवात टाळ्या पडल्या. प्रोफेसर क्वार्शींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तसंच उघड्या तोंडाने ते पडद्यावरून नाहीसे झाले. पडदा काळा पडला.

"बाद केलं वाटतं," एसिलफी हळहळला.

अडोमा काळ्या पडद्याकडे बघत बसली. एक बाई तिच्या पाठीवर हात ठेवून गेली. ज्यांचं माणूस गेलं होतं त्यांनीच तिचं सांत्वन करायला सुरुवात केली. एवढ्यात तिचा फोन वाजला. मिसेस अमानिंग होत्या, आणि कुजबुजत होत्या.

"अगं, आमचे लाईट गेले."

"पण तुमच्याकडे जनरेटर आहे ना, मॅडम?"

"आहे ना. डिझेल नाहीये. डिझेल घ्यायचं की नाही हे ठरवायला कमिटी आहे, ती बसलीच नाही."

"मग अध्यक्षांना सांगा."

कुजबुज आणखी खाली गेली. "अध्यक्ष क्वार्शी सरच आहेत. म्हणून तर. मुलाखत आज पुरी झाली नाही तर का झाली नाही ते वर लिहून द्यावं लागतं. तुमच्याकडे लाईट आहेत म्हणालीस ना? थांब तिथंच. आम्ही निघालो."

अडोमाने फोन ठेवला आणि बादूला सांगितलं. बादूने नानांना सांगितलं. "नाना, मघाशी मी म्हटलंच होतं. आपल्या जनरेटरशिवाय त्यांचं पान हलत नाही."

नाना खुर्चीत थोडे ताठ बसले.

प्रोफेसर आले ते घाईत. हिरवा टाय, काखेत कागद. त्यांनी अडोमाच्या शेजारची खुर्ची हेरली आणि सरळ तिकडे निघाले, जाता जाता डाव्या टोकाच्या दोघांशी हात मिळवत. मिसेस अमानिंग मागून "सर, सर" करत राहिल्या. त्या इथल्याच, त्यांना ठाऊक होतं. सर राजधानीतले, अक्राचे, आणि त्यातही बराच काळ परदेशात घालवलेले.

बादूने काठी आडवी धरली.

"पाहुणे उलटे आलेत. पुन्हा या."

"मला फक्त शेवटचा प्रश्न..."

"प्रश्न आहेच. तो कुठं पळून जातोय? उजवीकडून या."

प्रोफेसर मागे फिरले आणि उजव्या टोकापासून सुरू झाले. एका म्हातारीने त्यांचा हात धरून ठेवला आणि ते कुणाच्या घरातले, हे विचारून घेतलं नाही तोवर सोडला नाही. पहिल्याच रांगेच्या शेवटी मावशीने त्यांचा हिरवा टाय पाहिला. कुणाला न विचारता तिने एक काळा रुमाल त्यांच्या गळ्याभोवती असा बांधला की टाय पार झाकला गेला. तिसऱ्या रांगेपर्यंत प्रोफेसर आपोआप "फार वाईट झालं" म्हणायला लागले होते.

मग ते बसले. पाणी आलं. प्याले. नाना त्यांच्याकडे न बघता बादूकडे बघत होते.

"नाना म्हणतात, आमच्याकडे सगळं ठीक, एक माणूस गेलं तेवढं सोडून. तुम्ही काय कामाने आलात?"

"मिस अडोमाची मुलाखत..."

"मला सांगा, त्यांना नका सांगू."

प्रोफेसर बादूकडे वळले. "ही आमच्या शाळेत यावी की नाही, ते आम्हाला ठरवायचंय."

बादूने ते नानांपुढे ठेवलं. "नाना, हे गृहस्थ टेकडीवरून आलेत. आपली एक मुलगी त्यांना न्यायचीय. अजून त्यांचं मन डळमळतंय."

अडोमाने डोळे मिटले. एक वर्ष वाट बघितली, आणि आता बादूकाका सगळं धुळीला मिळवणार. पण तिला उठताही येईना. नाना बोलायला लागले होते, हळू, बराच वेळ.

"नाना विचारतात," बादू म्हणाला, "मुलगी न्यायला येतो त्याला आम्ही जे विचारतो तेच विचारू. तुमच्याकडे किती मुली मधेच सोडून जातात?"

"काही जातात," प्रोफेसर म्हणाले. "अभ्यास कठीण आहे."

"का आवडत नाही म्हणून जातात?"

मिसेस अमानिंगनी खोकल्यासारखं केलं. "दोन्ही, काका."

"जेवायला काय देता?"

"कँटीन आहे."

बादूने हे नानांना सांगताना आवाज खाली केला, जणू वाईट बातमी. नानांनी मान हलवली.

"आणि नाना विचारतात, तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?"

मांडव पुढे झुकला. एसिलफीने अत्यंत नम्रपणे माईक प्रोफेसरांच्या तोंडाशी आणला. प्रोफेसर क्वार्शींनी हा प्रश्न आयुष्यात शेकडो लोकांना विचारला होता. त्याला उत्तर द्यावं लागतं, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"डिझेल," मिसेस अमानिंग म्हणाल्या.

ते स्पीकरवरून फार छान ऐकू आलं. प्रोफेसरांचे कान लाल झाले आणि आवाज चढला.

"मला आता माझा प्रश्न विचारू द्या. मिस अडोमा, समजा आम्ही यंदाही नाही म्हटलं, तर?"

बादू नानांकडे वळायला लागला, तशी अडोमा उभी राहिली.

"बादूकाका, याचं उत्तर मी देते. तुम्ही फक्त पोचवा, काही न वाढवता."

बादूला हे लागलं, पण त्याने काठी टेकली.

"सरांना सांगा, नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी येईन. पुन्हा नाही म्हटलं तर त्याच्या पुढच्या वर्षी. सर कधीतरी रिटायर होतील, मी नाही होणार. माझ्या बोलण्यात वजन नाही म्हणून त्यांनी लिहून पाठवलं होतं. आज ते माझ्यासाठी टेकडी उतरून आलेत, उजवीकडून रांगेत फिरलेत, आणि माझ्या मावशीने बांधलेला रुमाल गळ्यात घालून बसलेत. आता वजन कुणाच्या बोलण्यात आहे ते त्यांचं त्यांनी बघावं."

बादूने नानांकडे पाहिलं आणि हात पसरले. "नाना, यात वाढवायला जागाच ठेवली नाही पोरीने."

प्रोफेसर काहीतरी लिहायला लागले. काय लिहिलं ते अडोमाला दिसलं नाही. मग ते उठले. "ठीक आहे. आम्ही विचार करून कळवू."

"बसा," बादू म्हणाला. "आमचंही राहिलंय."

नाना उठले, त्यांच्याबरोबर आणखी तिघे ज्येष्ठ उठले आणि मांडवामागे गेले.

"कुठं गेले?" प्रोफेसरांनी विचारलं.

"म्हातारीला विचारायला," मिसेस अमानिंग त्यांच्या कानात म्हणाल्या. "म्हातारी वगैरे नसते कुणी, सर. ज्येष्ठांना निकालाआधी विचार करायचा असला की ते असंच म्हणून उठतात."

"पण निकाल आमचा आहे."

ज्येष्ठ परत आले. नाना सावकाश बसले, त्यांनी वस्त्र सावरलं आणि बादूला चार शब्द सांगितले.

"नाना म्हणतात, म्हातारी म्हणाली, तुमच्यासारखे पुष्कळ येतात. तुमचं नाव तिने लक्षात ठेवलंय. कळवू."

प्रोफेसर आणि अडोमा, दोघेही एकदमच काहीतरी बोलायला गेले आणि दोघेही गप्प बसले. मिसेस अमानिंगनी जाताना जोलोफ भाताचे डबे घेतले, एक स्वतःसाठी आणि एक सरांसाठी. सर नको म्हणत होते, पण गाडीत बसताना डबा त्यांच्याच मांडीवर होता.

त्यानंतरचे दिवस अडोमाने कसे काढले ते तिलाच माहीत. भाच्याने खुर्चीला नवी गादी करून घेतली. मावशी रोज म्हणायची, "इतकं बोलायची काय गरज होती?" आणि अडोमा रोज म्हणायची, "होती."

एके दुपारी दोघी ओट्यावर बसून केळी सोलत असताना फोन वाजला. प्रोफेसर क्वार्शी स्वतः.

"मिस अडोमा, अभिनंदन. तुम्हाला जागा दिलीय. शुक्रवारपर्यंत होकार कळवा. आत्ताच दिलात तर फार बरं. यादी वर पाठवायचीय."

अडोमाच्या हातातलं केळं खाली पडलं. ओट्यावरून उडी मारून टाफोभर पळत सुटावं असं तिला वाटलं. मग तिला तो अख्खा पावसाळा आठवला, रोज फोनकडे बघत काढलेला. तिने श्वास घेतला.

"ऐकलं, सर," ती अगदी बादूच्या चालीत म्हणाली. "म्हातारीला विचारून कळवते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग प्रोफेसर दबक्या आवाजात म्हणाले, "साधारण किती वेळ लागतो त्यांना?"

अडोमाने फोनवर हात ठेवला आणि मावशीला विचारलं. मावशीने पुढचं केळं उचललं आणि सोलायला घेतलं.

"कोण थांबलंय त्यावर आहे. कोण थांबलंय?"

"शाळा."

"मग म्हणावं, ती आत्ताच जेवून आडवी झालीय."